‘हे काम मला येत नाही’ : क्षमतेबाहेरचे धोकादायक काम आणि कर्मचाऱ्याचे हक्क



तुमच्यापैकी अनेकजण एक-दोन वर्षांत कारखान्यात, बांधकामाच्या साइटवर, वीज उपकेंद्रात किंवा एखाद्या प्रयोगशाळेत नोकरीला लागतील. तिथे कधी ना कधी असा प्रसंग येतो, की वरिष्ठ एखादे काम सांगतात, ते काम धोक्याचे असते आणि ते करण्याचे शिक्षण आपल्याला मिळालेले नसते. अशा वेळी काय करायचे, कायदा आपल्या बाजूने किती उभा राहतो आणि ‘नाही’ म्हणायचे तर ते कसे म्हणायचे, हा या टिपणाचा विषय आहे. कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला समजेल अशा भाषेत तो मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

१. एका रात्रीचा फोन

काही वर्षांपूर्वी रात्री पावणेदोनच्या सुमारास माझ्या एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. तो इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. राज्याबाहेरच्या एका कारखान्यात प्रशिक्षणार्थी अभियंता म्हणून लागून त्याला चार महिने झाले होते. त्या रात्री एका मोटरच्या केबलमध्ये बिघाड झाला होता. इलेक्ट्रिशियन रजेवर होता. शिफ्ट इनचार्जने त्याला सांगितले, ‘‘११ केव्हीच्या पॅनेलमधला ब्रेकर बाहेर काढ आणि केबलला अर्थिंग करून दे. तू इंजिनियर आहेस ना?’’

तो मला म्हणाला, ‘‘सर, सर्किट डायग्राम मला समजतो. पण हे काम मी कधी हाताने केलेले नाही. नाही म्हटले तर माझे प्रोबेशन चालू आहे.’’

त्याची भीती खरी होती, आणि धोकाही खरा होता. ब्रेकर बंद केला तरी पॅनेलमधले बसबार जिवंतच असतात. केबलमध्ये साठलेला विद्युतभार काही काळ टिकून राहू शकतो. दुसऱ्या बाजूने उलटा पुरवठा येण्याची शक्यता असते. चुकीच्या ठिकाणी अर्थिंग लावले, तर क्षणात प्रचंड ठिणगी-ज्वाळा उठते. तिला आर्क फ्लॅश म्हणतात. ज्याने हे काम शिकून घेतले आहे तो आधी पुरवठा तोडतो, कुलूप व टॅग लावतो, योग्य उपकरणाने वाहिनी मृत असल्याची खात्री करतो आणि मगच अर्थिंग करतो. या पायऱ्यांचा क्रम पुस्तकात वाचणे वेगळे आणि रात्री दोन वाजता, घाई असताना, तो न चुकता पाळणे वेगळे.

त्याने पुढे काय केले ते मी शेवटी सांगणार आहे. आधी त्या परिस्थितीचे भाग सुटे करून पाहू.

२. ‘क्षमतेबाहेरचे काम’ म्हणजे काय?

काम सुरक्षित आहे की नाही, हे फक्त कामावर ठरत नाही. ते कोण करणार, कशाने करणार आणि कोणत्या व्यवस्थेत करणार, यावरही ठरते. अनुभवी माणसासाठी रोजचे असलेले काम नवख्यासाठी जीवघेणे असू शकते. म्हणून क्षमता ही सुरक्षिततेहून वेगळी गोष्ट नाही. ती तिचाच एक भाग आहे.

क्षमतेचे चार भाग करून पाहिले तर स्वतःची तपासणी करणे सोपे जाते.

(अ) ज्ञान व सराव : या कामातले धोके मला माहीत आहेत का? कोणाच्या तरी देखरेखीखाली मी ते आधी केले आहे का?

(आ) शरीर : वजन, उंची, उष्णता, झोप, आजारपण, गरोदरपण या बाबतींत माझे शरीर आज हे काम पेलू शकते का? सलग दुसरी पाळी करणाऱ्या माणसाची कालची क्षमता आज शिल्लक नसते.

(इ) साधने : योग्य हातमोजे, सुरक्षा पट्टा, गॅस मोजण्याचे यंत्र, शिडी, कुलूप-टॅग हे इथे, या क्षणी उपलब्ध आहे का?

(ई) अधिकार : हे काम करण्यासाठी माझी रीतसर नेमणूक झाली आहे का? लागणारा वर्क परमिट निघाला आहे का?

यातल्या एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर थांबून बोलण्यास सबळ कारण आहे. मात्र एक फरक लक्षात ठेवा. नवीन, कंटाळवाणे किंवा अवघड काम म्हणजे असुरक्षित काम नव्हे. पहिल्यांदा एक्सेलचा मोठा अहवाल करायला सांगितला, तर तो येत नसला तरी शिकून घ्यायचा असतो. चुकला तर कोणाचा हात तुटत नाही. प्रश्न तेव्हाच उभा राहतो जेव्हा न येण्याची किंमत कोणाच्या तरी शरीराने मोजावी लागणार असते.

३. कायद्याचा पाया

आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ मधील खंड (ङ) मध्ये राज्याला असा निर्देश दिला आहे, की कामगारांच्या आरोग्याचा व शक्तीचा दुरुपयोग होऊ नये आणि आर्थिक गरजेपोटी नागरिकांना आपल्या वयाला किंवा ताकदीला न पेलणाऱ्या व्यवसायात शिरावे लागू नये. ‘माझे प्रोबेशन चालू आहे’ हे वाक्य याच आर्थिक गरजेचे रूप आहे. घटनाकारांनी ती अडचण ओळखली होती. अनुच्छेद ४२ मध्ये न्याय्य व माणुसकीच्या कामाच्या परिस्थितीचा उल्लेख आहे. ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यामुळे ती थेट न्यायालयातून अमलात आणता येत नाहीत. परंतु १९९५ साली ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराच्या आरोग्याचा हक्क अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काशी जोडला. त्यामुळे या तत्त्वांना बळ मिळाले.

प्रत्यक्ष नियम बराच काळ १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये होते. त्यातली काही कलमे आपल्या विषयाला थेट लागू पडतात. कलम ३४ नुसार इजा होईल इतके जड ओझे कोणालाही उचलायला लावता येत नसे. कलम २२ नुसार चालू यंत्राजवळ जाऊन तपासणी किंवा वंगण देण्याचे काम खास प्रशिक्षण घेतलेल्या माणसानेच करायचे असे. कलम २३ नुसार अल्पवयीन कामगाराला धोकादायक यंत्रावर लावण्यापूर्वी त्याला धोके पूर्ण समजावून सांगणे आणि पुरेसे प्रशिक्षण किंवा जाणकाराची देखरेख देणे बंधनकारक होते.

त्यानंतर २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानची भोपाळची रात्र आली. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर जोडलेला नव्हता. खर्च कमी करण्यासाठी माणसे आणि प्रशिक्षण यांत केलेल्या कपातीचीही नंतर मोठी चर्चा झाली. या दुर्घटनेनंतर १९८७ साली फॅक्टरी ॲक्टमध्ये महत्त्वाची दुरुस्ती झाली. मालकाच्या सर्वसाधारण कर्तव्यांत माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख पुरवणे आले. कलम ४१ एच ने धोकादायक प्रक्रियेतील कामगाराला तातडीच्या धोक्याची सूचना देण्याचा हक्क दिला. कलम १११ ए ने सुरक्षिततेची माहिती मागण्याचा, प्रशिक्षण मिळवण्याचा आणि निरीक्षकाकडे जाण्याचा हक्क दिला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून या ॲक्टची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, २०२० ने घेतली आहे. तिची तीन कलमे तुम्ही लक्षात ठेवावीत.

कलम ६ : मालकाची कर्तव्ये. कामाची जागा इजा किंवा आजार घडवणाऱ्या धोक्यांपासून मुक्त ठेवणे हे मालकाचे काम आहे. कारखाना, खाण, गोदी, बांधकाम अशा ठिकाणी माहिती, सूचना, प्रशिक्षण व देखरेख देणे हा याच कर्तव्याचा भाग आहे.

कलम १३ : कर्मचाऱ्याची कर्तव्ये. स्वतःची आणि आपल्या कृतीमुळे ज्यांना झळ पोहोचेल अशा इतरांची वाजवी काळजी घेणे, तसेच असुरक्षित परिस्थिती दिसल्यास ती लवकरात लवकर कळवणे. म्हणजे धोका दिसत असताना गप्प बसणे हेच कर्तव्यात कसूर करणे आहे.

कलम १४ : कर्मचाऱ्याचे हक्क. आपल्या सुरक्षिततेची माहिती मालकाकडे मागता येते. सोय अपुरी असेल तर थेट किंवा सुरक्षा समितीच्या सदस्यामार्फत ती मांडता येते. समाधान झाले नाही तर निरीक्षकाकडे जाता येते. नव्या संहितेत त्याला ‘इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर’ असे नाव आहे. गंभीर इजा, मृत्यू किंवा आरोग्याला तातडीचा धोका असल्याची वाजवी भीती वाटली, तर मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवता येते. मालकाला धोका पटला तर त्याने लगेच उपाय करून निरीक्षकाला अहवाल पाठवायचा. पटला नाही, तर प्रकरण निरीक्षकाकडे सोपवायचे. निरीक्षकाचा निर्णय अंतिम.

जुन्या कायद्यात हा हक्क ‘कामगारा’ला होता. नव्या संहितेत तो ‘कर्मचाऱ्या’ला आहे आणि या व्याख्येत तांत्रिक, पर्यवेक्षी व व्यवस्थापकीय काम करणारेही येतात. म्हणजे तुम्ही अभियंता म्हणून लागलात तरी कलम १४ तुमचे आहे.

४. मग ‘नाही’ म्हणण्याचा हक्क आहे की नाही?

इथे नीट वाचा, कारण याच ठिकाणी बरेचजण गोंधळतात.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या करार क्रमांक १५५ मध्ये असे म्हटले आहे, की जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा व गंभीर धोका असल्याचे वाजवी कारण असताना जो कामगार त्या जागेवरून बाजूला होतो, त्याला अनुचित परिणाम भोगावे लागू नयेत. आपल्या संहितेच्या कलम १४ मध्ये ‘काम सोडून बाजूला होण्याचा हक्क’ असे स्पष्ट शब्द नाहीत. तिथे ‘कळवण्याचा’ हक्क आहे. त्यामुळे ‘कायद्याने मला नकाराचा हक्क दिला आहे’ असे एका वाक्यात म्हणणे अपुरे ठरेल.

पण याचा अर्थ सांगेल ते केलेच पाहिजे, असा होत नाही. औद्योगिक कायद्यातील आदर्श स्थायी आदेश पाहा. त्यात वरिष्ठाची आज्ञा जाणूनबुजून मोडणे हे गैरवर्तन मानले आहे. मात्र ती आज्ञा ‘कायदेशीर आणि वाजवी’ असली पाहिजे, अशी अट आहे. ही अटच तुमचा आधार आहे. जे काम नेमलेल्या माणसानेच करावे असा नियम आहे, ते न नेमलेल्या माणसाला सांगणे कायदेशीर ठरत नाही. परमिटशिवाय टाकीत उतरायला सांगणे वाजवी ठरत नाही.

माझ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हे अगदी सरळ होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार वीजवाहिन्या आणि उपकरणांवर काम करण्यासाठी व्यक्ती नेमून द्याव्या लागतात. त्यांची नावे आणि कोणत्या कामासाठी नेमले आहे याची नोंद ठेवावी लागते. त्या नोंदीत त्याचे नाव नव्हते. म्हणजे त्याच्यासमोरचा प्रश्न ‘मी घाबरट आहे का?’ हा नव्हताच. ‘त्या नोंदीत माझे नाव आहे का?’ हा होता.

थोडक्यात, भारतीय कायदा तुम्हाला नकाराचा शब्द आयता देत नाही. कारणे देतो आणि मार्ग देतो. ती कारणे नीट मांडणे हे कौशल्य आहे आणि ते शिकता येते.

५. अप्रेंटिस, इंटर्न आणि कंत्राटी कामगार

पदवीनंतर तुमच्यापैकी अनेकजण आधी अप्रेंटिस म्हणून लागतील. अप्रेंटिस ॲक्ट, १९६१ च्या कलम १८ नुसार अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. काहीजण याचा अर्थ ‘त्याला संरक्षण नाही’ असा लावतात. तो चुकीचा आहे. त्याच कायद्याच्या कलम १४ ने कारखान्यात प्रशिक्षण घेणाऱ्या अप्रेंटिसला आरोग्य, सुरक्षा व कल्याणाच्या तरतुदी कामगाराप्रमाणेच लागू केल्या आहेत. कलम १६ नुसार प्रशिक्षणादरम्यान अपघात झाला तर मालकाला भरपाई द्यावी लागते. आणि साधा तर्क लावला, तरी ज्याला शिकवण्यासाठी ठेवले आहे त्याला न शिकवता धोक्याच्या कामाला जुंपणे हे प्रशिक्षणाच्या उद्देशाशीच विसंगत आहे.

इंटर्नशिपला गेलेल्या विद्यार्थ्याचे नाव बहुधा वेतनपत्रकावर नसते. तिथे संहितेच्या कलम ६ मधील आणखी एक तरतूद उपयोगी पडते : मालकाच्या जागेत जी जी व्यक्ती आहे, तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर आहे, मग ती त्याला माहीत असून आलेली असो वा नसो.

सर्वांत असुरक्षित असतो तो कंत्राटी कामगार. गटार आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्यांचे उदाहरण घ्या. २०१३ च्या कायद्याच्या कलम ७ ने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवण्यास बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. गटारातील मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख रुपये भरपाई ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख केली. तरीही असे मृत्यू थांबलेले नाहीत. उतरणाऱ्याजवळ नकार द्यायला ना करार असतो, ना बचत. म्हणून हक्काचे ज्ञान फक्त उतरणाऱ्याला असून भागत नाही. उतरवणाऱ्यालाही ते हवे.

६. बंदिस्त जागा : एक उदाहरण सविस्तर

टाकी, मॅनहोल, बॉयलरचा ड्रम, सायलो यांना कन्फाइन्ड स्पेस म्हणतात. ‘क्षमतेबाहेरचे काम’ किती साधे दिसू शकते, हे इथे समजते. खाली उतरून एक व्हॉल्व्ह फिरवायचा असतो, इतकेच.

हवेत ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे २०.९ टक्के असते. ते १९.५ टक्क्यांच्या खाली गेले, तर ती हवा श्वसनास असुरक्षित मानतात. गंज चढताना लोखंड ऑक्सिजन शोषते, कुजणारा कचरा तो संपवतो, नायट्रोजन भरला असेल तर तो ऑक्सिजनला बाहेर ढकलतो. यातले काहीही डोळ्यांना दिसत नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण सुमारे १०० पीपीएमच्या पुढे नाकाची संवेदनाच बधिर होते. वास गेला म्हणून गॅस गेला असे समजणारा माणूस फसतो.

यामुळेच फॅक्टरी ॲक्टच्या कलम ३६ ने घातलेला नियम आजही पायाभूत आहे : जाणकार व्यक्तीने तपासणी करून जागा सुरक्षित असल्याचे लेखी प्रमाणपत्र द्यावे, अन्यथा उतरणाऱ्याने श्वसनयंत्र आणि दोर बांधलेला पट्टा घालावा, आणि त्या दोराचे दुसरे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असावे.

आणखी एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. अशा अपघातांत पुष्कळदा पहिला माणूस पडल्यावर त्याला वाचवायला धावलेला दुसरा आणि तिसरा माणूसही मरतो. सहकारी खाली पडलेला दिसतो, आणि पाय आपोआप शिडीवर जातो. श्वसनयंत्राशिवाय उतरणे हेही क्षमतेबाहेरचे काम आहे. ते कोणी सांगितलेले नसते, आपणच स्वतःला सांगतो. तिथे बाहेर राहून मदत बोलावणे, हवा सोडणे आणि दोर ओढणे हीच मदत असते.

७. प्रत्यक्ष प्रसंगी काय करावे?

पुढील क्रम पाठ करून ठेवा.

पहिली पायरी : थांबा आणि काम नेमके काय आहे ते विचारा. कधी कधी आपला गैरसमज असतो. ‘सर, म्हणजे नक्की कोणता फीडर? परमिट कोणी काढला आहे?’ अशा दोन प्रश्नांनी निम्मे प्रसंग तिथेच मिटतात.

दुसरी पायरी : कारण सांगा, मत सांगू नका. ‘मला हे बरोबर वाटत नाही’ यापेक्षा ‘मला या पॅनेलचे प्रशिक्षण मिळालेले नाही’ हे वाक्य भक्कम आहे. त्यावर वाद घालता येत नाही.

तिसरी पायरी : काय मिळाले तर काम होईल ते सांगा. नेमलेली व्यक्ती, गॅस तपासणी, दुसरा माणूस, दिवसाचा उजेड. नकारासोबत वाट दाखवली, की तो अडवणूक वाटत नाही.

चौथी पायरी : लेखी नोंद करा. लॉगबुक, ई-मेल, व्हॉट्सॲप, काहीही चालेल. भाषा सौम्य असावी, वेळ नेमकी असावी. नमुना असा :

‘सर, रात्री १.४० वाजता मला फीडर क्र. ३ चा ब्रेकर बाहेर काढून केबलला अर्थिंग करण्यास सांगितले आहे. मला ११ केव्ही पॅनेलवरील कामाचे प्रशिक्षण मिळालेले नाही आणि या कामासाठी नेमलेल्या व्यक्तींत माझे नाव नाही. कृपया नेमलेल्या व्यक्तीस बोलवावे. तोपर्यंत जागेला अडथळे लावणे, फलक लावणे व नोंदी करणे ही कामे मी करतो.’

पाचवी पायरी : एक पायरी वर जा. सुरक्षा अधिकारी, विभागप्रमुख, सुरक्षा समितीतील कामगार प्रतिनिधी, संघटना. तिथेही दाद लागली नाही आणि धोका तातडीचा असेल तर राज्याच्या औद्योगिक सुरक्षा विभागाच्या निरीक्षकाला कळवा. खाणीत असाल तर धनबादला मुख्यालय असलेल्या खाण सुरक्षा महासंचालनालयाला.

सहावी पायरी : जागा सोडताना नवा धोका निर्माण करू नका. चालू बॉयलर किंवा चालू रिॲक्टर कोणाच्याही हाती न देता निघून जाणे हा नकार नव्हे, तो निष्काळजीपणा आहे. आधी सुरक्षित स्थितीला आणा किंवा ताबा द्या, मग बाजूला व्हा.

आणि हे हक्क सबबीसाठी वापरू नका. प्रशिक्षण मिळाल्यावर, साधने हातात आल्यावर तेच काम टाळत राहिलात, तर ‘वाजवी भीती’ या शब्दांना अर्थ उरत नाही. उलट, नकाराच्या दुसऱ्याच दिवशी त्या कामाचे प्रशिक्षण लेखी मागा. त्याने तुमचा नकार प्रामाणिक होता हे आपोआप सिद्ध होते.

८. उद्या आदेश तुम्ही देणार आहात

पदवीधर माणूस फार काळ आदेश घेणारा राहत नाही. तीन-चार वर्षांत तुमच्या हाताखाली फिटर, हेल्पर, कंत्राटी मजूर असतील. तेव्हा घाई तुम्हाला असेल आणि ‘येत नाही’ हे वाक्य समोरच्याच्या घशात अडकलेले असेल. त्यामुळे काम सांगताना एक प्रश्न जोडण्याची सवय लावा : ‘हे याआधी कधी केले आहे का? कसे करणार ते सांग.’ नुसते ‘जमेल ना?’ विचारू नका. त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते.

कायद्याची बाजूही आहे. कर्तव्यात कसूर झाल्यामुळे अपघात होऊन मृत्यू झाला, तर नव्या संहितेत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आणि दंडाची किमान अर्धी रक्कम मृताच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. पण शिक्षेच्या भीतीपेक्षा, ज्याला आपण खाली उतरवले तो संध्याकाळी घरी गेला पाहिजे, ही भावना अधिक टिकाऊ आहे.

९. त्या रात्री काय झाले

माझ्या विद्यार्थ्याने वर दिला आहे तसाच एक निरोप इनचार्जला पाठवला. इनचार्ज चिडला, चार शब्द ऐकवले. शेवटी सकाळच्या पाळीच्या इलेक्ट्रिशियनला घरून बोलावले. काम साडेचार तास उशिरा झाले. त्या विद्यार्थ्याची नोकरी पक्की होणे तीन महिने लांबले. पत्रात कारण ‘पुढाकाराचा अभाव’ असे दिले होते. हे मी लपवत नाही. हक्क बजावण्याची किंमत कधी कधी मोजावी लागते आणि ती अन्यायाची असते. नंतर त्याने रीतसर प्रशिक्षण घेतले, परवाना मिळवला, आणि आज तो तेच काम इतरांना शिकवतो.

मी स्वतः त्याच्या वयात असताना असा निरोप पाठवला नव्हता. एका टाकीत, कोणतीही तपासणी न करता, सांगितले म्हणून उतरलो होतो. काही झाले नाही. ‘काही झाले नाही’ हा फार वाईट शिक्षक आहे. तो चुकीची गोष्ट बरोबर म्हणून शिकवतो.

आणि आम्हा शिक्षकांचाही यात वाटा आहे. तोंडी परीक्षेत ‘येत नाही’ म्हणणाऱ्याचे आम्ही गुण कापतो, आणि काहीतरी ठोकून देणाऱ्याला दोन गुण देतो. चार वर्षे तुम्हाला ‘येत नाही’ लपवायला शिकवल्यावर, पॅनेलसमोर उभे असताना तुम्ही ते मोकळेपणाने म्हणाल, अशी अपेक्षा आम्ही कशी करावी? म्हणून या टिपणापुरते तरी उलटे लक्षात ठेवा : धोक्याच्या कामासमोर ‘हे मला येत नाही’ हे पूर्ण गुणांचे उत्तर आहे.

सारांश

१. क्षमता म्हणजे ज्ञान, शरीर, साधने आणि अधिकार. यातील एक जरी कमी असेल, तरी काम असुरक्षित होऊ शकते.
२. माहिती, प्रशिक्षण व देखरेख देणे मालकाचे कर्तव्य. धोका कळवणे कर्मचाऱ्याचे कर्तव्यही आहे आणि हक्कही.
३. संहितेच्या कलम १४ मध्ये कळवण्याचा मार्ग आहे. नकाराचा आधार ‘कायदेशीर व वाजवी आज्ञा’ या अटीत आहे.
४. अप्रेंटिस व इंटर्न यांनाही संरक्षण आहे.
५. कारण सांगा, पर्याय सुचवा, लेखी नोंद करा, वर कळवा, जागा सुरक्षित करून बाजूला व्हा.

स्वाध्याय

१. तुमच्या महाविद्यालयाच्या कार्यशाळेतील एक यंत्र निवडा. ते चालवण्यासाठी लागणाऱ्या क्षमतेचे चार भाग लिहा. त्यातले तुमच्याकडे आज कोणते आहेत?
२. बांधकाम साइटवर एका इंटर्नला सुरक्षा पट्टा न देता सहाव्या मजल्यावरच्या परांचीवर जाऊन मोजमाप घ्यायला सांगितले आहे. त्याने पाठवायचा पाच ओळींचा निरोप लिहा.
३. तुम्ही पर्यवेक्षक आहात. एका अनुभवी कामगाराने ‘आज माझी तब्येत बरी नाही, मी वर चढणार नाही’ असे सांगितले. तुम्ही त्याला काय विचाराल आणि नोंदवहीत काय लिहाल?
४. आपल्या मातृभाषेत नसलेल्या राज्यात तुम्ही नोकरी करत आहात. धोक्याची सूचना देण्यासाठी लागणारी पाच वाक्ये तिथल्या भाषेत शिकून लिहा. ‘थांबा’ या शब्दापासून सुरुवात करा.